एका कॅसेटपुरती जागा

“शेवटचं काय हाय?”

आप्पा साळव्यांच्या या प्रश्नाच्या धास्तीनं शिरूरमधली बरीच प्रतिष्ठित माणसं आमच्या दुकानासमोरून जाताना रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूनं जायची. त्यात एक माजी सरपंच होते, एक बँडवाले होते आणि माझे सख्खे मेहुणे होते. गुन्हा एवढाच, की त्यांनी आमच्याकडून जुन्या कॅसेटची सीडी करून घेतली होती आणि ती घरी नेऊन शेवटपर्यंत ऐकली नव्हती.

आप्पांचा नियम साधा होता. सीडी घरी न्यायची, पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायची, परत दुकानात यायचं आणि अगदी शेवटी काय ऐकू येतं ते आप्पांना सांगायचं. उत्तर बरोबर आलं की आप्पा मान हलवणार, चष्मा पुसणार आणि कॉम्प्युटरमधली त्या कॅसेटची फाइल काढून टाकणार. मगच पुढच्या माणसाची कॅसेट लागणार. तोवर पुढचा माणूस बाकावर बसून चहा पिणार, आणि तो चहा माझ्या खात्यावर.

असं दुकान चालतं का, असं तुम्ही विचाराल. मीही रोज विचारत होतो.

एसटी स्टँडपासून जरा आत आमचं कॅसेटचं दुकान होतं, एका कोपऱ्यात झेरॉक्सचं मशीन. दोन हजार सालानंतर कॅसेटचा धंदा बसायला लागला आणि लोक घरातल्या जुन्या कॅसेटी घेऊन सीडी करायला येऊ लागले. माझ्या आतेभावानं पुण्याहून एक जुना कॉम्प्युटर आणून दिला आणि त्यात लिनक्स टाकून दिलं. फुकट आहे म्हणाला, व्हायरस लागत नाही म्हणाला. कळत नाही, हे मात्र म्हणाला नाही. डिस्क होती चार जीबीची. आज एवढी जागा मोबाइलवर येणाऱ्या सुप्रभातच्या फोटोंनाही पुरत नाही. त्या डिस्कमध्ये भावानं भिंती घालून खोल्या पाडल्या होत्या. एका खोलीत लिनक्स राहायचं, एकीत दुकानाची गाणी, आणि उरलेल्या एका छोट्या खोलीचं नाव टेम्प. काम चालू असताना हाताशी जे तात्पुरतं ठेवावं लागतं ते या टेम्पमध्ये.

तासाभराची एक कॅसेट भरली की ही खोली दारापर्यंत भरायची. ती फाइल पुसायच्या आत दुसरी कॅसेट लावली, तर अर्ध्यातच पडद्यावर इंग्रजीत ओळ यायची की जागा शिल्लक नाही, आणि गाणारा माणूस तान घेताघेता गप व्हायचा. बरं, लगेच पुसून मोकळं व्हावं तर सीड्यांचा भरवसा नाही. मी स्वस्तात एक मोठा गठ्ठा आणून बसलो होतो. त्यातल्या काही सीड्या दुकानात छान वाजायच्या आणि आठवड्यानं घरी मुक्या व्हायच्या. लोक भांडायला यायचे तोवर फाइल पुसलेली असायची आणि जुनी कॅसेट मशीननं चावलेली असायची.

असंच एक भांडण चालू असताना आप्पा पेन्शनच्या कागदांची झेरॉक्स काढायला दुकानात आले. खाकी स्वेटर, पायात पॉलिश केलेले बूट, सगळी बटणं लावलेली. भांडण संपेपर्यंत ते कोपऱ्यात उभे राहिले. मग म्हणाले, “तुमची अडचण काय हाय ती जरा नीट सांगा मला.” माणूस वयस्कर दिसला म्हणून मी टेम्पची सगळी रामकहाणी सांगितली. आप्पांनी ती डोळे मिटून ऐकली.

“म्हंजी सिंगल लाइन हाय तुमची,” ते म्हणाले. “एक गाडी पुढच्या ठेसनात पोचल्याबिगर दुसरी सोडायची न्हाई. आन् पोचली म्हंजी इंजिन पोचलं न्हवं. शेवटचा डबा आत आला पायजे, त्याच्या पाठीवरचा दिवा दिसला पायजे. तवा म्हणायचं, आली. तुम्ही इंजिन दिसलं की लाइन मोकळी करताय, मास्तर.”

दुकानाचा मालक म्हणून मी त्या क्षणापासून स्टेशनमास्तर झालो. ड्युटीवर असताना आप्पा मला ‘मास्तर’ आणि ‘तुम्ही’ म्हणायचे. शटर खाली ओढलं की लगेच ‘बाळा’ आणि ‘तू’. दुसऱ्या दिवशी मी शटर उघडायला आलो, तर आप्पा पायरीवर बसलेले होते. पगाराचा विषय काढला तर त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की मी पुन्हा कधी तो काढला नाही.

आप्पा दौंडला रेल्वेत सिग्नलच्या केबिनवर होते. सगळी नोकरी त्यांनी उंचावरच्या त्या खोलीत, खटके ओढण्यात आणि पुढच्या स्टेशनची घंटा ऐकण्यात काढली. असा माणूस शिरूरला येऊन राहिला, हीच मोठी गंमत. कारण शिरूरला रेल्वेच नाही. आप्पा ही गोष्ट मनावर घ्यायचे नाहीत. गावाचं काम अजून अर्धवट राहिलंय, एवढंच त्यांचं मत होतं. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावं लागलं, बायकोचं माहेर शिरूर, तिची हौस म्हणून घोडनदीच्या बाजूला दोन खोल्या घेतल्या, आणि वर्षाच्या आत तीच गेली. मुलगा नागपूरला नोकरीत. हे सगळं मला पुष्कळ उशिरा कळलं, कारण आप्पा स्वतःविषयी बोलायला लागले की गाड्यांविषयीच बोलायचे.

कॉम्प्युटरचं आप्पांना काही येत नव्हतं. भावानं त्यांना कॅसेट भरून सीडी काढायची रीत दाखवली आणि वर मोजून दोन गोष्टी शिकवल्या. एक फाइल पुसायची, आणि दुसरी ‘डीएफ’. ही दोन अक्षरं टाइप केली की कुठल्या खोलीत किती जागा भरली ते पडद्यावर येतं. आप्पा तासातासाला डीएफ करायचे आणि फलाटावर घोषणा करावी तसे खड्या आवाजात सांगायचे, “टेम्प शंभर टक्के! लाइन बंद!” दुकानात आलेलं नवीन गिऱ्हाईक दचकून दोन पावलं मागं सरकायचं.

एकेरी लाइनवर पूर्वी ड्रायव्हरला लोखंडी गोळा द्यायचे म्हणे, आणि गोळा हातात असल्याशिवाय गाडी हलायची नाही. आप्पांनी कुठूनतरी एक क्रिकेटचा बॉल पैदा केला, पिशवीत घालून खिळ्याला टांगला. ज्याची कॅसेट टेम्पमध्ये असेल त्यानं तो बॉल घरी न्यायचा आणि शेवटचं सांगायला येताना परत आणायचा. त्या बॉलनं पुष्कळ गावं पाहिली. एकदा तो पाटसहून आला तेव्हा त्याची शिवण उसवली होती, कारण मधल्या काळात कारखान्याच्या कॉलनीत त्याच्यावर दोन सामने झाले होते. आप्पांनी तो स्वतः शिवला आणि त्या माणसाला रेल्वेच्या मालमत्तेवर एक भाषण ऐकवलं.

माजी सरपंचांची गंमत अशीच. पाण्याच्या टाकीच्या उद्घाटनाचं त्यांचं भाषण होतं. सीडी नेल्यावर आठ दिवसांनी रुबाबात आले.

“शेवटचं काय हाय?” आप्पांनी विचारलं.

“शेवटी टाळ्या आहेत. प्रचंड.”

“न्हाईत,” आप्पा म्हणाले. “टाळ्या आधी हायत. शेवटी तुम्ही कुणालातरी इचारताय, आरं जेवायचं कुठं ठिवलंय.”

सरपंच आधी लाल झाले, मग घरी जाऊन खरोखर ऐकून आले, आणि हसत हसत म्हणाले, “आहे की हो! माइक चालूच राहिला होता.” आप्पांना सगळ्या कॅसेटींचे शेवट पाठ असायचे, कारण कॅसेट भरताना ती पूर्ण वाजवावीच लागते आणि आप्पा कानाला हेडफोन लावून हलत नसत. पण शेवट ते कधी आधी सांगायचे नाहीत. खोटं सांगणाऱ्याचीच तेवढी चूक दाखवायचे.

डाळिंबवाल्या एका शेतकऱ्यानं भजनी मंडळाची सीडी नेली आणि तो आलाच नाही. चौकशी केली तर ती सीडी बागेत दोरीला लटकत होती. उन्हात चमकते म्हणून पाखरं येत नाहीत, दुकानात कोऱ्या मिळतात त्यातलीच एक असेल असं त्याच्या घरच्यांना वाटलं. आप्पांनी टेम्पमध्ये जपून ठेवलेल्या फाइलवरून दुसरी काढून दिली आणि बजावलं, “ही मानसांनी ऐकायची हाय.”

मलाही सवलत नव्हती. मी एकदा भाचीच्या वाढदिवसाचे फोटो घाईत टेम्पमध्ये टाकले आणि जेवायला घरी गेलो. परत येऊन बघतो तर फोटो गायब. “टेम्पमधी मुक्काम करायचा न्हाई, मास्तर,” आप्पा शांतपणे म्हणाले. “फलाट हाय त्यो. घर न्हवं.” बहिणीनं माझ्याशी महिनाभर अबोला धरला. आप्पांशी मात्र ती बोलायची.

तर असा सगळा कारभार होता आणि लग्नसराई तोंडावर आली होती, तेव्हा वडगाव रासाईच्या अंजनाबाई दुकानात आल्या. साठीच्या बाई, डोक्यावर पदर, हातात रुमालात बांधलेली एकच कॅसेट. त्यांचे यजमान किसनराव मार्केट यार्डात कांद्याचा लिलाव पुकारायचे. त्यांचा आवाज असा की यार्डाच्या फाटकाबाहेर उभं राहून लोक आजचा भाव समजून घ्यायचे. कुणीतरी हौशी माणसानं एकदा टेपरेकॉर्डर नेऊन गंमत म्हणून लिलावाची एक सकाळ भरून घेतली होती. किसनराव आदल्या वर्षी गेले. त्यांचा आवाज म्हणून जगात आता एवढीच कॅसेट होती.

आप्पांनी ती लावली आणि हेडफोन घातला. तास झाला, कॅसेट संपली, आणि संपतासंपता मशीननं पट्टी गिळली. काढायला गेलो तर तिचे तुकडेच हातात आले. म्हणजे आता किसनराव फक्त टेम्पमध्ये होते. आप्पांनी हेडफोन काढला तो मांडीवरच धरून ठेवला.

“कसा आहे आवाज?” मी विचारलं.

“मोठा गळा हाय,” एवढंच म्हणून ते सीडी काढायला वळले.

अंजनाबाईंनी सीडी आणि क्रिकेटचा बॉल दोन्ही रुमालात बांधून नेलं. पुतण्याकडं सीडीचं मशीन होतं. पुढच्या बाजारच्या दिवशी त्या आल्या तेव्हा आप्पांनी विचारलं, “शेवटचं काय हाय, बाई?”

“अजून न्हाई शेवट आला. एकशेऐंशीच्या भावावर हायत त्ये.”

त्याच्या पुढच्या बाजारी दोनशे वीस. त्याच्या पुढच्या बाजारी मोठा कांदा संपून गोल्टी, म्हणजे बारका कांदा, निघाला होता. इकडं माझ्याकडं लग्नाच्या तीन कॅसेटी येऊन पडल्या होत्या आणि त्यातल्या एका कॅसेटीचा नवरदेव रोज मोटारसायकल लावून दारात उभा राहायचा. टेम्प शंभर टक्के, लाइन बंद. मी म्हटलं, “आप्पा, त्यांची आणखी एक सीडी काढून कपाटात ठेवू आणि फाइल पुसू.” आप्पांनी माझ्याच गठ्ठ्यातली एक जुनी सीडी काढून मशीनमध्ये घातली. ती मुकी निघाली. दुसरी घातली, ती वाजली, पण मधेच अडखळली. मी चिडलो.

“आप्पा, दुकान माझं आहे.”

“दुकान तुमचंच हाय मास्तर. लाइन माझी हाय.”

शेवटी मी अंजनाबाईंनाच गाठलं. “मावशी, सगळी मिळून तासाभराची कॅसेट आहे. एकदा बसून ऐकून टाका ना.”

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. रागावल्या नव्हत्या. मला समजावून सांगावं तसं म्हणाल्या, “दादा, ऐकून टाकायची आसती तर केली कशाला आसती? रोज जेवताना थोडी लावते. कालच्या फुडं चार आकडं. एकदा शेवट आला की त्यो मानूस परत गेल्यागत व्हईल. न्हाई तवर हाय म्हनायचा. तुमचा खोळंबा व्हतो ते कळतं मला. पर माझा पाय न्हाई उचलत.”

आप्पा उठले आणि त्यांनी बाईंना स्वतः चहा आणून दिला. “सावकाश ऐका,” ते म्हणाले. “लाइन तुमच्यासाठीच हाय.”

त्या एसटीकडं गेल्यावर आप्पा माझ्यासमोर येऊन उभे राहिले, हात मागं बांधून. “मास्तर, लाइन वाढवा. डबल करा. मोठी डिस्क आना.”

“आणि तोवर नवरदेवाला काय सांगू?”

“सिग्नल मिळाला न्हाई म्हणून सांगा.”

मी पुण्याला गेलो आणि चाळीस जीबीची डिस्क घेऊन आलो. भाऊ येऊन बसवून गेला. किसनरावांची फाइल नव्या डिस्कवर हलवताना आप्पा मागं उभे होते आणि ती पूर्ण पोचल्याची खात्री त्यांनी हेडफोन लावून, पुन्हा तासभर ऐकूनच केली. मग डीएफ केलं. टेम्प, दोन टक्के.

“येवढ्या मोठ्या यार्डात एकच डबा,” आप्पा म्हणाले. कौतुकानं म्हणाले की कसं, ते मला तेव्हा कळलं नाही.

नवरदेवाचं काम झालं, लग्नंही पार पडली. आणि एक दिवस, बाजार नसताना, अंजनाबाई आल्या. बाकावर बसल्या, रुमालातला बॉल काढून बाजूला ठेवला, पदरानं तोंड पुसलं.

“झाली, आप्पा. काल पार झाली.”

आप्पांनी मशीन बंद केलं. “काय हाय शेवटी?”

“लिलाव संपतो. मानसं हलत्यात. मग कुनीतरी त्यास्नी म्हनतं, किसनराव, चहा घेऊ चला. तर त्ये म्हनत्यात, नगं. ती जेवायची थांबलेली आसंल. मी गेल्याबिगर ताटावर बसत न्हाई. इचारलं तर म्हंती जेवले.” बाई हसल्या आणि तेवढ्यातच त्यांचे डोळे भरून आले. “आवो, रोज म्हनायचे मी, जेवले, तुम्ही घ्या बसून. ह्यास्नी ठावं व्हतं. येवढा संसार झाला, कवा बोलून दावलं न्हाई.”

आप्पांनी फक्त मान हलवली. पण चष्मा त्यांनी फारच वेळ पुसला, आणि ती फाइल काही पुसली नाही. बाईंना आम्ही चांगल्या कंपनीच्या दोन सीड्या काढून दिल्या. पायरी उतरताना त्या आप्पांना म्हणाल्या, “तुम्ही थांबलासा, म्हनून हितवर आले मी.”

इथं हे व्यक्तिचित्र संपलं असतं तर बरं झालं असतं. पण डिस्क चाळीस जीबीची होती.

आता जागा भरपूर. एकामागून एक कॅसेटी भराव्यात, सीड्या द्याव्यात, फाइल राहिली तर राहिली. माझा धंदा दुप्पट झाला. आप्पा नेमानं सगळ्यांना सांगायचे, ऐकून झालं की शेवटचं सांगायला या. लोक म्हणायचे, “आता जागा हाय न्हवं, आप्पा? मग राहू द्या की आत.” यात चुकीचं काहीच नव्हतं. बाकावर कुणी बसेना. चहाचा खर्च कमी झाला. सरपंच समोरच्या बाजूनं जायचे सोडून दारावरून बिनधास्त जायला लागले. आप्पा तासातासाला डीएफ करायचे. वीस टक्के. बावीस टक्के. घोषणा मात्र बंद झाली, कारण लाइन मोकळी आहे हे ओरडून कोण सांगतं?

मग ते उशिरा यायला लागले, आणि एका आठवड्यात दोन दिवस आलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्या घरी गेलो. आप्पा कॉटवर बसले होते, सगळी बटणं लावून. घर असं टापटीप की कुणी राहत नसल्यासारखं वाटावं.

“बरं नाही का, आप्पा?”

“बरा हाय की. काय झालंय मला?” मग म्हणाले, “बाळा, आता दुकानात माझं काम न्हाई राहिलं.”

“काम नाही कसं? कॅसेटी कोण भरणार?”

“त्या काय, मशीन भरतंय.” त्यांनी भिंतीकडं बघितलं. तिथं बायकोचा फोटो होता. “दौंडला मी गाडी सोडली की पलीकडं पाटसला एक शिंदे म्हणून व्हता. ती पोचली की फोनवर म्हणायचा, आली बरं का, आप्पा. रोज. दिवसातनं कितीदा. तोंड कवा बघितलं न्हाई त्याचं. बदली झाली, गेला कुठं त्येबी म्हाईत न्हाई. पर मानूस व्हता पलीकडं. घरी गेलो की ही म्हणायची, आलात? दोन्हीकडनं कुनीतरी म्हणणारं व्हतं.” त्यांनी स्वेटरची बाही उगीचच सारखी केली. “पोरगा फोन करतो. चांगला हाय. पर त्याला घाई असती. तुझ्या दुकानात मानसं यायची, आप्पा ऐकली, असं झालं, तसं झालं, सांगायची. बरं वाटायचं बघ.”

मला एकदम राग आला. त्यांचा नव्हे, कुणाचा ते सांगता येत नाही. “मग आप्पा, लाइन वाढवा म्हणून तुम्हीच कशाला सांगितलंत मला?”

“तसं न्हाई,” आप्पा म्हणाले. “त्या बाईला घाई कर म्हणून कोन सांगणार व्हतं? तू सांगणार व्हतास?”

त्यांनी चहा केला. एकट्या माणसाचा चहा, फार साखरेचा. मी तो प्यालो आणि उद्या यायचं असं वचन घेऊनच निघालो. दुकानापर्यंत पायी जाताना मी लिनक्सला, पुण्याच्या दुकानदाराला आणि चाळीस जीबीला मनातल्या मनात पुष्कळ शिव्या दिल्या.

दुसऱ्या दिवशी आप्पा आले. वचनाला पक्के. मशीनसमोर बसले आणि सवयीनं डीएफ केलं. तेवढ्यात निमोण्याचे एक शाळामास्तर त्यांच्या कॅसेटची सीडी न्यायला आले. शाळेतल्या मुलांच्या कवितांची कॅसेट होती, आप्पांनी ती चार-पाच दिवसांपूर्वीच भरली होती. मी सीडी कागदात गुंडाळली, आणि खिळ्याला नुसत्याच लटकत राहिलेल्या पिशवीतला बॉल काढून त्यांच्या हातात दिला.

“गुरुजी, ही शेवटपर्यंत ऐकायची आणि शेवटी काय आहे ते येऊन या आप्पांना सांगायचं. आमच्या कॉम्प्युटरमध्ये जागा फार कमी आहे. एकाच कॅसेटपुरती. तुम्ही येऊन सांगितल्याशिवाय आम्हाला पुढची लावता येत नाही, बाकीची माणसं खोळंबतात.”

हे बोलताना मी आप्पांकडं बघायचं धाडस केलं नाही. पडदा त्यांच्यासमोरच होता आणि त्यावर आकडे स्वच्छ दिसत होते. टेम्प, चोवीस टक्के.

गुरुजी भले माणूस. त्यांनी बॉलकडं बघितलं, मग आप्पांकडं वळून काळजीनं विचारलं, “एवढी अडचण आहे का हो जागेची?”

सगळ्या नोकरीत या माणसानं एकदाही खोटा सिग्नल दिला नव्हता. त्यांनी पडद्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी गल्ल्यात काहीतरी शोधत असल्यासारखं केलं.

“व्हय गुरुजी,” आप्पा म्हणाले. “लई अडचण हाय. ऐकली की लगोलग या. आमी वाट बघतोय.”